घासलेला नंबर

डेस नीबोनच्या मोटारसायकलीवरचा इंजिन नंबर कारखान्यात ठोकलेला नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मंगळवारचे सव्वादहा वाजले होते. डेस माझ्या शेडच्या दारात उभा राहून चहात बिस्किट बुडवत होता. मी भिंग एप्रनच्या खिशात टाकलं आणि काही न बोलता मागच्या चाकाचे स्पोक तपासायला घेतले.

पान्याच्या टोकानं एकेका स्पोकला हलकेच टोकायचं. ताणलेला स्पोक खणकतो, सैल झालेला नुसता थप्प वाजतो. चाळीसपैकी दोन थप्प वाजले. ते मी वहीत लिहिले. नंबराचं काही लिहिलं नाही.

"काय म्हणतायत?" डेसनं विचारलं.

"कोण?"

"स्पोक. त्यांच्याशी तुझं बरं जमतं. मी आल्यापासून माझ्याशी तीन वाक्यं बोललीस, त्यातलं एक 'पाय पुसून या' होतं."

"दोन सैल आहेत. घट्ट करून देते."

"दे. नाहीतर त्या माळावर मलाच चाक खांद्यावर घेऊन चालावं लागेल."

शनिवारी सकाळी आमच्या जुन्या मोटारसायकलींच्या क्लबच्या एकोणीस गाड्या पोर्ट पिरीहून निघणार होत्या आणि नलारबॉरचं माळरान ओलांडून एस्परन्सला पोचणार होत्या. एका बाजूचेच जवळजवळ दोन हजार किलोमीटर. एवढ्या जुन्या गाडीला रस्त्यावर यायचं तर वेगळी नोंदणी लागते, आणि त्या अर्जावर क्लबच्या तपासनिसाची सही. गेली नऊ वर्षं ती सही माझी आहे. पोटापाण्यासाठी मी शिशाच्या भट्टीच्या प्रयोगशाळेत काम करते. कुठल्या धातूत काय आणि किती मिसळलंय ते मोजते. क्लबातले लोक म्हणतात, दोन्हीकडे माझं काम एकच आहे.

डेस चौऱ्याहत्तर वर्षांचा. आयुष्य व्हायअलात गेलं, बायको वारल्यावर गेल्या वर्षी मुलीजवळ राहायला पिरीला आला. त्याच्याबरोबर १९५१ची पाचशे सीसीची एक इंग्रजी गाडी आली. वीसेक वर्षं गोणपाटाखाली झाकून ठेवलेली ती गाडी त्यानं हिवाळाभर खपून चालू केली होती. क्लबात नवा, त्यामुळे त्याची गाडी मी पहिल्यांदाच बारकाईनं बघत होते.

ओतीव ॲल्युमिनियमला वरून एक खरखरीत साल असते. डेसच्या इंजिनावर, नंबर असतो त्या जागेपुरती, ती साल नव्हती. तेवढी पट्टी कानशीनं घासून गुळगुळीत केलेली होती आणि आजूबाजूपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर खोल होती. २०८४ यातले २ आणि ० ठशांच्या एका संचातले होते, ८ आणि ४ दुसऱ्या.

एवढ्यावरून मी हलले नसते. घासलेले नंबर मी आधीही पाहिलेत. पण सिलिंडरभोवतीच्या पात्यांपैकी डाव्या अंगाचं, खालून तिसरं पातं कोपऱ्यात तुटलेलं होतं. मी जमिनीवर पाठ टेकून खालून बॅटरी मारली. इंजिनाच्या खालच्या कवचाच्या, क्रँककेसच्या, पोटाशी बोटाच्या पेराएवढा वेल्ड होता, एका टोकाला दुभंगलेला.

तो वेल्ड होताना बॅटरी मीच धरली होती. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि गाडी माझ्या बाबांची होती.

"खाली झोप लागली का?" डेसनं वाकून विचारलं.

"तेल कुठून गळतंय ते बघतेय."

"सगळीकडून गळतंय. या गाड्यांचं गळायचं थांबलं की समजायचं, टाकीत तेलच उरलं नाही."

मी हसले नाही. मी खोटं बोलले होते आणि ते मला जमलं होतं, याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

बाबांची गाडी १९७९च्या नोव्हेंबरात आमच्या शेडमधून गेली. शनिवारी सकाळी बाबांनी शेड उघडली आणि आत येऊन सांगितलं, गाडी नाही. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरच होती. मी बावीस वर्षांची, ॲडलेडहून परीक्षा देऊन नुकतीच घरी आलेली. धातुशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या मुलीला पुराव्याचं मोठं वेड असतं. मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं की गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी रॉसनं खिळ्यावरची किल्ली काढलेली मी पाहिली, आणि शुक्रवारी रात्री त्याच्या नखांत ग्रीस होतं.

रॉस माझा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा. तो काही बोलला नाही. बाबाही बोलले नाहीत. पोलिसांत जायचं नाही, एवढंच म्हणाले. ते मुलाला पाठीशी घालतायत, असा मी आणि आईनं त्याचा अर्थ लावला. ख्रिसमसच्या आधीच रॉस घर सोडून पश्चिमेकडे खाणींत कामाला गेला. आईच्या आणि नंतर बाबांच्या अंत्यविधीला आला, शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि चहाला न थांबता गेला. वर्षातून एकदा त्याची बायको कार्ड पाठवते.

म्हणजे डेसच्या इंजिनात नुसता घासलेला नंबर नव्हता. हे इंजिन बाबांचं असेल, तर ते व्हायअलाला कसं गेलं हे डेसला माहीत होतं, आणि रॉस चोर होता की नव्हता हे त्यावरून ठरणार होतं.

दुपारी क्लबची सेक्रेटरी एव्हिस हिचा फोन आला.

"नेरिडा, डेसचा अर्ज कुठाय? गुरुवारी बारापर्यंत कचेरीत गेला नाही तर त्याला नंबराची पाटी मिळत नाही."

"तपासणी चालू आहे."

"अजून? मागच्या वर्षी माझ्या गाडीला तू चाळीस मिनिटं घेतलीस."

"तुझ्या गाडीचा नंबर कारखान्यातला आहे."

"हे बघ बाई," एव्हिसनं आवाज खाली आणला, "अर्ध्या क्लबाचे नंबर शेतावरच्या ऐरणीवर ठोकलेले आहेत, हे तुलाही माहितीये. तू लग्नात नवऱ्यानं दिलेल्या अंगठीचं सोनं तपासून घेतलं असशील."

"घेतलं होतं. अठरा कॅरेट सांगितलं होतं, चौदा निघालं."

"मग सोडलास त्याला?"

"नंतर. दुसऱ्या कारणानं."

तिनं फोन ठेवला. मी पलंगाखालची पेटी ओढली आणि बाबांच्या गाडीची जुनी नोंदणी शोधून काढली. इंजिन नंबर ४७१६.

बुधवारी डेस आठ वाजताच आला. आम्ही तीन तास काम केलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं काम केलं. टाकीतलं अर्धं तेल इंजिनाच्या पोटात उतरून बसलं होतं, या गाड्यांत ते उतरतंच; नवखा माणूस टाकी रिकामी बघून वरून आणखी ओततो आणि मग पहिल्याच किकला सगळं बाहेर उडतं. डेसनं शांतपणे खालचा नट काढून ते तेल भांड्यात घेतलं, फडक्यातून गाळलं, परत टाकीत भरलं. क्लचच्या केबलला लागूनच त्यानं दुसरी कोरी केबल चिकटपट्टीनं बांधून ठेवली. वाटेत तुटली तर फक्त टोकं बदलायची, सीट आणि टाकी उघडायची गरज नाही. हलू शकणाऱ्या प्रत्येक नटातून त्यानं बारीक तार ओवून पिळली. त्याचे हात मी बघत होते. घाई नव्हती, दाखवेगिरी नव्हती. असा माणूस चोरीचा माल ओळखणार नाही, हे मला पटत नव्हतं. ओळखून गप्प बसेल, हे पटत होतं.

"तुमचं इंजिन मूळचं आहे का, डेस?" मी ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं झाकण बसवता बसवता विचारलं.

"माझ्या गुडघ्याइतकं मूळचं."

"म्हणजे?"

"डावा माझा आहे, उजवा डॉक्टरांनी बसवला." तो हसला. "भूक लागलीय मला. खिम्याच्या पेस्टी आणतो. तुला सॉस लागतो?"

माझ्या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नव्हतं. बेकरीत बुधवारी गर्दी असते. मला वीस मिनिटं मिळणार होती.

आकडा ठोकताना फक्त वरचा धातू दबत नाही, खालचाही दबतो. वरचा आकडा कानशीनं नाहीसा केला तरी खाली तो दबलेला भाग राहतो, आणि त्याला दाहक रसायन लागलं की तो आजूबाजूच्या धातूच्या आधी काळवंडतो. हे मी शिकलेय, पोलिसांसाठी दोनदा केलंही आहे. कोणाची परवानगी न घेता कधी केलं नव्हतं. मी हातमोजे घातले, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात कापूस भिजवला आणि त्या पट्टीवर फिरवायला लागले. धातूवर बारीक फेस आला. पुसलं, पुन्हा लावलं. पट्टी राखाडी झाली. सहाव्या की सातव्या खेपेला २ आणि ०च्या मधल्या जागेत एक तिरकी रेघ दिसली, मग तिला आडवी रेघ. चार.

"पेस्टी गार होतायत," मागून आवाज आला.

मी वळले नाही. वळले असते तर पुढचा आकडा पुसट झाला असता.

"काय चोळतेयस ते?"

"कॉस्टिक सोडा."

"माझ्या इंजिनाला?"

"कोणाच्या इंजिनाला, तेच बघतेय."

कागदाच्या पिशव्या बाकावर ठेवल्याचा आवाज झाला. डेस माझ्या शेजारी येऊन गुडघ्यावर हात टेकून वाकला. मी इंजिनाकडे बघायचं सोडून आता त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. घाबरलेला माणूस आधी दाराकडे बघतो. डेस आकड्यांकडे बघत होता.

"आयला," तो म्हणाला. "चार. सात. हा कुठला? एक का?"

"एक किंवा सात. शेवटचा सहा."

"मेला म्हणून पुरला होता की याला मी. उठून बसला!"

"तुम्हीच घासलात?"

"मग कोण, राणी एलिझाबेथ? मीच. माझ्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटून कवच फोडून बाहेर आला होता. रस्त्यावर तुकडे गोळा केले मी. आणि नोंदणी कशावर? इंजिनाच्या नंबरावर. नवा नंबर म्हणजे ॲडलेडला अर्ज, साहेबाची तपासणी, दोन महिने चालत कामावर. त्यापेक्षा कानस मारायची आणि आपला जुना नंबर ठोकायचा. सगळे तेच करायचे. पोलिस चौकीतल्या सार्जंटनंच मला ८ आणि ४चे ठसे दिले, माझ्याकडचे झिजले होते."

हे खरं असू शकत होतं. मी पाहिलेले घासलेले नंबर सगळे असेच निघाले होते. पण चोरानंही नेमकं हेच सांगितलं असतं.

"४७१६ हा माझ्या वडिलांच्या गाडीचा नंबर," मी म्हटलं. "ती गाडी आमच्या शेडमधून चोरीला गेली."

डेसनं चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या.

"पोरी, मी ती विकत घेतलीय. अख्खी गाडी."

"कोणाकडून?"

"नाव नाही विचारलं."

"पावती?"

"जुन्या गाडीची पावती! तुझ्या घरी भाजीची पण पावती ठेवत असशील तू." माझ्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. "पेट्रोलपंपावर चिठ्ठी लावलेली होती. फोन केला, तर म्हणाला, घरी येऊ नका, पोर्ट जर्मेनच्या फाट्यावर भेटू. मलाही तेव्हा वाटलं, काहीतरी पाणी मुरतंय. पण माणूस पाहिल्यावर नाही वाटलं."

"का नाही वाटलं?"

"चोर गाडीला चिठ्ठी बांधून देतो का? थांब. पत्र्याचा डबा आहे माझ्याकडे, त्यात असेल. घरी जाऊन येतो."

तो मुलीच्या गाडीतून गेला. मी दाराशी उभी राहून त्याची गाडी वळेपर्यंत बघत राहिले. परत येणार नाही, असं मी धरून चालले होते. मग ध्यानात आलं की त्याची मोटारसायकल, हेल्मेट आणि पेस्टी माझ्याकडेच आहेत. तरी मी पेस्टीला हात लावला नाही.

पंचवीस मिनिटांनी तो आला. डब्यात जुने प्लग, एक घड्याळ, बायकोचा फोटो आणि तळाशी मालाला बांधतात तसली तपकिरी पुठ्ठ्याची पट्टी होती, भोकात अजून सुतळी.

"हँडलला बांधलेली होती," डेस म्हणाला. "फेकवली नाही."

*तेल काढलेले आहे. भरल्याशिवाय किक मारू नये. ८.११.७९.*

बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. नोंदवहीत लिहिताना लिहायचे तसे सुटे, उभे अक्षर, आणि सातला मधून आडवी रेघ. अक्षर त्यांचंच होतं, यात मला शंका नव्हती. तारीख गुरुवारची होती, रॉसनं किल्ली काढली तो गुरुवार.

तरी मी विचार केला. तेल बाबांनी दुसऱ्या कशासाठी काढलं असेल, चिठ्ठी बांधून ठेवली असेल आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी चिठ्ठीसकट गाडी नेली असेल. हे अशक्य नव्हतं.

"त्या माणसाचं वर्णन करा," मी म्हटलं.

"साक्ष घेतेयस माझी?"

"हो."

डेस बाकावर बसला. "उंच. रेल्वेची टोपी. पिकअपमध्ये डावीकडच्या सीटवर बसला होता, उतरायला जरा वेळ लागला त्याला. चालवत होता तो कोणीतरी पोरगा होता. तो खाली आलाच नाही, स्टिअरिंगला धरून सरळ पुढं बघत बसला. गाडी आम्ही दोघांनीच फळीवरून उतरवली."

"काय बोलले ते?"

"फार नाही. बोलता येत नव्हतं त्याला. बोबडं येत होतं. म्हणाला, जीभ चावली गेलीय. गाडी उतरवल्यावर टाकीवर हात ठेवला आणि म्हणाला, थंडीत पहिल्या किकला चालू होणार नाही, तिसऱ्या किकला होईल. मी विचारलं, मग विकता कशाला? म्हणाला, डोळे गेले. पण डोळे ठीक होते त्याचे. मी पट्टीवरचं वाचायच्या आधी त्यानंच मला ते लांबून वाचून दाखवलं."

मी स्टुलावर बसले. त्या आठवड्यात बाबांनी फक्त कस्टर्ड आणि सूप खाल्लं होतं. दाढ दुखते म्हणाले होते. मी ते रोज समोर बसून पाहिलं होतं आणि पुराव्यात धरलं नव्हतं. पिरीत बाबांनी दुसऱ्या कोणाला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. इंजिन ड्रायव्हर बाजूला बसत नाही, असं ते म्हणायचे. जीभ कडेनं चावली जाते, आणि नंतर माणूस स्वतः गाडी चालवत नाही, मोटारसायकल तर विकूनच टाकतो, याला माझ्या माहितीत एकच दुखणं आहे. आणि ते दुखणं रेल्वेला कळलं, तर ड्रायव्हरला त्याच दिवशी खाली उतरवतात.

"पाणी देऊ का?" डेसनं विचारलं. "पांढरी पडलीस."

"त्या चोरीचा आळ माझ्या भावावर आला होता."

"कोणी घेतला?"

"मी."

डेसनं एक पेस्टी माझ्यापुढे सरकवली आणि दुसरी स्वतः खायला लागला.

अर्जावर एक रकाना असतो: इंजिन मूळचे आहे काय. मी लिहिलं, 'नाही. १९७९ साली त्याच मॉडेलच्या, मालकाकडून विकत घेतलेल्या गाडीचे इंजिन बसवले. नंबर नोंदणीप्रमाणे पुन्हा ठोकला.' 'मालकाकडून' या शब्दावर जरा थांबले. मग सही केली. डेसनं ते दोनदा वाचलं.

"पट्टी ठेव तू," तो म्हणाला. "आणि माझ्या इंजिनाला ते जे काय फासलंयस ते धू. माळावर वितळलं म्हणजे?"

"वितळणार नाही. धुते."

संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे पश्चिमेत साडेचार वाजता, मी कार्डावरचा नंबर फिरवला. रॉस नॉर्समनला राहतो. फोन त्यानंच उचलला.

"कोण गेलं?" तो म्हणाला. आमच्यात फोन फक्त त्यासाठीच होतात.

"कोणी नाही. बाबांची गाडी सापडली."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"इंजिन आहे फक्त," मी म्हटलं. "ज्यांनी घेतली ते आमच्या क्लबात आहेत. पोर्ट जर्मेनच्या फाट्यावर घेतली. पिकअप तू चालवत होतास."

"हं."

"बाबांना फिट यायची."

"दोनदा आली. पहिली मी पाहिली. शेडमध्ये पडले होते, गाडीशेजारी, तोंडातून रक्त. दुसरी त्या गुरुवारी. किल्ली मी काढली ना, तेव्हा ते शेडमध्येच होते. बाहेरून कुलूप लावून ठेव म्हणाले, आईनं असं बघायला नको." तो सगळं सावकाश सांगत होता, जसं काही फार दिवस ओळीत लावून ठेवलेलं. "पुढच्या महिन्यात यार्डात बदली मागून घेतली त्यांनी, आठवतं? पाठ दुखते म्हणून. गाडी मात्र का विकली, याला काही कारण सुचेना. लोक विचारणारच. मग म्हणाले, चोरीला गेली म्हणू. कोणाचं नाव नाही, पोलिस नाही, महिनाभरात विसरतील. त्यांना काय माहीत, तू शेरलॉक होऊन टेबलावर बसणार."

"तू बोलला का नाहीस?"

"आई समोर होती. आईला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या स्टेशनला कळलं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता बोलतील. ते सूप पीत बसले."

"मला नंतर सांगायचंस. बाबा गेल्यावर तरी."

"तू विचारलंस कधी? तू मला सांगितलंस. किल्ली घेतली, किती वाजता घेतली, नखांत काय होतं. वेळ अगदी बरोबर होती तुझी. सहा-वीस."

माझ्या हातात पुठ्ठ्याची पट्टी होती आणि मी तिची सुतळी बोटाला गुंडाळत आणि सोडत होते.

"क्लब शनिवारी निघतोय," शेवटी मी म्हटलं. "बुधवारी नॉर्समनला मुक्काम आहे. मागची मदतगाडी मी चालवणार आहे. तुझ्याकडे आले तर चालेल का?"

मागं त्याच्या बायकोनं काहीतरी विचारलं, त्यानं 'नेरिडा' असं सांगितलेलं मला ऐकू आलं.

"आता मी जे सांगितलं," रॉस म्हणाला, "बाबांची बदली, महिना, सगळं. ते तू तपासून बघणार असशील."

पेटी अजून पलंगाबाहेरच होती. बाबांच्या रेल्वेच्या कागदांचं पुडकं वरून दुसरं होतं.

"हो," मी म्हटलं.

तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. एकोणीस वर्षांचा असताना तो असा हसायचा.

"बघ मग. डिसेंबरची तारीख असेल, सही लोको फोरमनची. बुधवारी माझी दिवसपाळी आहे, चारपर्यंत. चारनंतर ये."